हात लाव

साठ दिल्लीचे, पस्तीस राज्याचे,
आणि उरलेले पाच गावाने भरायचे,
लोकवर्गणी म्हणून.
पस्तीसचा कागद आल्याशिवाय साठ हलणार नाहीत.
मी ठाणे महापालिकेतला लेखालिपिक,
खिडकीपासून तिसरं टेबल,
कोळशेतच्या धक्क्याची फाईल माझ्याकडे.

फाईलीत लाभार्थी : दोनशे चौदा.
ओहोटीला होडीपासून काठापर्यंत
मांडीभर गाळ असतो,
याला रकाना नाही.

पैसे पहिल्यांदा आले ते गावाचेच.
सोसायटीच्या बायका बाजार उठल्यावर आल्या,
पहिला हप्ता घेऊन.
पन्नासच्या, शंभरच्या नोटा
प्लास्टिकच्या पिशवीत, जराशा ओल्या.
मी दोनदा मोजल्या.
तिसऱ्यांदा मोजायचा धीर झाला नाही.
पावती फाडली. गोमीबाय वैतीने ती
उजेडात धरून बराच वेळ पाहिली,
मग म्हणाली, "यात धक्का कुठंय?"

मग वाट बघणं.
केंद्र म्हणालं, आधी राज्याचं संमतिपत्र.
राज्य म्हणालं, आधी केंद्राची तत्त्वतः मान्यता.
दोघे व्याही दारात उभे,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही,
आणि आत पंगतीतला भात गार होत चाललेला.

पत्र आलं सव्वीस मार्चला.
पस्तीस टक्के, लेखाशीर्षासह, सहीशिक्क्यासह.
फक्त गावाचं नाव चुकलेलं :
कोळशेतऐवजी कोळशेवाडी.
अशी वाडी जिल्ह्यात असल्याचं मला तरी माहीत नाही,
पण त्या दिवशी तिला धक्का मंजूर झाला होता.

मंत्रालयात गेलो. चौथा मजला, मग सहावा,
मग पुन्हा चौथा.
कक्ष अधिकारी गुळवणीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
म्हणाल्या, शुद्धिपत्रकाला आठ दिवस लागतात.
मी म्हणालो, पोर्टल एकतीसला बंद होतं.
"तुमचं गाव का?"
नाही म्हणालो,
आणि का कुणास ठाऊक, ओशाळलो.
संध्याकाळी साडेसहाला कागद हातात होता :
'कोळशेवाडी' ऐवजी 'कोळशेत' असे वाचावे.
खालच्या टपरीवर चहा निवू देऊन
मी ती ओळ पुन्हा वाचली.
असे वाचावे.

तीस तारखेला अपलोड केलं.
पडद्यावर चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग हिरवी खूण.
साठ निघाले म्हणे दिल्लीहून.

रविवारी कोळशेतला गेलो, कुणी पाठवलं नव्हतं.
ओहोटी होती. तिवरांच्या मुळांत बगळे.
गोमीबाय गाळातून वर आली,
कमरेपर्यंत काळी, निवट्यांची पाटी ओढत.
काठावर टेकली, दम घेतला,
चुंबळ डोक्यावर बसवली
आणि मला न ओळखताच म्हणाली,
"बाला, जरा हात लाव रं."

भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही.
दुसऱ्याने द्यायचं ते एवढंच,
जमिनीपासून डोक्यापर्यंत.
पुढचा रस्ता, बाजार, घासाघीस,
उरलेल्या मासळीचं काय करायचं ते,
सगळं तिचं.

मी हात लावला.
पस्तीस टक्के, अंदाजे.
मनगटाला वजन कळेपर्यंत
ते माझ्या हातातून गेलंही होतं.
ती चालू लागली. मागे वळायला
तिची मान मोकळी नव्हती.

सोमवारी बोटांना वास होता, दोनदा साबण लावूनही.
समोर उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना, कोरा.
तांबोळीसाहेबांनी नाक मुरडलं,
मग विचारलं, "काय रे, दिल्लीचं आलं का?"
"नाही अजून."
"येईल," म्हणाले, आणि पुढची फाईल सरकवली.
बाळकुमचा नाला.
पन्नास-पन्नास.